तिच्या नावाची तीन अक्षरं

मी पेंटर. भिंतीला डिस्टेंपर मारणारा नाही, अक्षरं काढणारा. हा फरक मी आयुष्यभर लोकांना समजावत आलो आणि लोक आयुष्यभर मला "पेंटर, आमच्या पडवीला कधी रंग देता?" असं विचारत आले. नेवाशाच्या स्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, टेम्पोच्या मागची मुलांची नावं, दूध डेअरीचे फलक, सगळं केलं. फ्लेक्स आला तेव्हा सोबतचे दोघे धंदा सोडून गेले. मी हटून बसलो. पाण्याच्या टाकीला फ्लेक्स चिकटत नाही आणि शाळेच्या भिंतीवर तो दोन उन्हाळे टिकत नाही, असं मी येईल त्याला ऐकवायचो. मग माझा उजवा हात थरथरायला लागला आणि ऐकवण्यासारखं काही उरलं नाही.

नगरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या लिहून दिल्या, ताण घेऊ नका म्हणाले. गोळीने चहाचा कप सांडायचा थांबला, पण ब्रश धरला की हात पुन्हा आपल्या मनाचा.

त्यानंतर दोन वर्षांनी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी वेबसाईट बनवायला शिकलो. ते शिकलो बायकोच्या कबरीसाठी. हे ऐकून लोक माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघतात, म्हणून नीट सांगतो.

आम्ही ख्रिस्ती. पणज्याच्या काळापासून गावाच्या कडेला आमची वस्ती, वस्तीच्या पलीकडे कबरस्तान. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा दिवस येतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात घरोघरची माणसं खुरपी घेऊन जातात, कबरीवरचं गवत काढतात, चुना मारतात. उन्हापावसाने उडालेली नावं काळ्या ऑईलपेंटने पुन्हा गिरवायची असतात. हे गिरवायचं काम तीस वर्षं माझं होतं. मी डबा आणि ब्रश घेऊन निघालो की बायको पाण्याची कळशी आणि जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन मागे यायची. मदतीला कमी आणि हुकूम सोडायला जास्त.

एका म्हातारीच्या कबरीपाशी ती मला म्हणाली होती, "हिचं नाव जरा मोठं काढा. जिती हुती तवा कुनी तिला नावानं हाक मारली न्हाई. अमक्याची आई, तमक्याची सासू, यातच गेली."

मी मोठं काढलं. तशी ती म्हणाली, "माझ्या येळंला हात आखडू नका म्हंजी झालं. घरचं काम म्हनून कसंबी उरकाल तुमी."

"आधी मर तर खरी," मी म्हणालो. आम्ही दोघंही हसलो. नवराबायको कबरस्तानात बसून असलं बोलू शकतात, कारण ते खरं होईल असं कुणालाच वाटत नसतं.

ती उन्हाळ्याच्या तोंडाला गेली. शुगर होतीच, शेवटी किडन्यांनी साथ सोडली. दफनाच्या घाईत भाच्याने सिमेंटचा क्रूस आणला आणि रेडियमच्या दुकानातून तिचं नाव मशीनने कापून आणून त्यावर चिकटवलं. त्याचं काही चुकलं नाही. पण मी तिथे उभा राहून ते नाव बघत होतो आणि मला वाटत होतं की हे दुसऱ्याच कुणा बाईचं आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटवर असतं तसलं अक्षर, चपटं आणि चकचकीत. पाऊस सुरू व्हायच्या आधीच त्याचा एक कोपरा सुटून वर आला.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तीन अक्षरं आहेत, मधलं ल आहे, एवढं पुरे.

तेराव्याचं आमच्यात काही नसतं, पण दोनेक आठवड्यांनी घर रिकामं झालं तेव्हा मी अंगणात पत्र्याचा तुकडा मांडला आणि तिचं नाव काढायला बसलो. आधी वरची शिरोरेघ मारायची आणि तिच्याखाली अक्षरं टांगायची, ही आमची रीत. शिरोरेघच मला सरळ मारता आली नाही. पहिल्या अक्षराचा दांडा खाली येईपर्यंत दोनदा वाकला, आणि ल कुठे सुरू झाला न् कुठे संपला ते मलाच कळेना. तीस वर्षं सगळ्या गावाची नावं काढली आणि हिच्या वेळेला हात आखडला. मला रडू आलं नाही. मला आधी रागच येतो. मी ब्रश कौलांवर भिरकावला आणि पत्रा पायाने दुमडला.

मृतांच्या दिवसापर्यंत तिचं नाव माझ्या अक्षरात त्या क्रूसावर यायला हवं होतं. दुसरं काहीही मला नको होतं. दुसऱ्या पेंटरला बोलवावं तर तालुक्यात अक्षर काढणारा उरला होता तो मीच.

म्हणून जूनमध्ये एका कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे पत्रिका, बॅनर वगैरे करून मिळतात. त्याने पडद्यावर तिचं नाव टाईप केलं आणि एकामागून एक अक्षरांच्या तऱ्हा दाखवल्या. मी प्रत्येकीला नावं ठेवली. हा ल पोटावर पडलाय. ह्याची मान आखडलीय. हा लग्नपत्रिकेत ठीक, कबरीवर नको. चाळीसेक तऱ्हांनंतर त्याने हात टेकले.

त्याच जागेत पार्टिशनच्या पलीकडे एक बाई वेबसाईट बनवायचं शिकवायच्या. तिशीच्या असतील, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या सगळं ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "काका, मग तुमचं अक्षर तुम्हीच काढा ना कॉम्प्युटरवर."

मी उजवा हात पुढे केला. माणसं अशा वेळी दुसरीकडे बघतात. त्यांनी हाताकडेच बघितलं. मला माऊस धरायला दिला. पडद्यावरचा बाण तव्यावरच्या लाहीसारखा उडायला लागला.

"माऊस नाही चालणार," त्या म्हणाल्या. "टाईप करता येईल?"

"एका बोटानं."

"पुरे आहे. वेब पेज लिहायची जी भाषा असते ना, तिच्यात आकारसुद्धा लिहून काढता येतो. हाताने ओढायचा नाही, लिहायचा. पण ते शेवटी येतं. आधी पेज करायला शिकावं लागेल. आणि माझ्या क्लासचा नियम आहे, प्रत्येकाने स्वतःची साईट बनवायची."

"माझी कसली साईट? मी काय पुढारी हाय का?"

"पुढारी बनवत नाहीत, काका. पैसे देऊन बनवून घेतात."

ही बाई मला तिथेच आवडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी हजर झालो. वर्गात सगळी विशीतली मुलंमुली, मी दाराजवळच्या खुर्चीत. पहिल्या आठवड्यात मला दोन-तीन जणांनी कुणाचे तरी वडील समजून "कुणाला न्यायला आलाय?" असं विचारलं.

शिकणं सोपं नव्हतं. माझं बोट एका जागी पडलं की दोन-तीनदा पडायचं, आणि एका अक्षराची तीन अक्षरं उमटायची. मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये कुठेतरी काहीतरी केलं. तेव्हापासून माझं बोट लागोपाठ पडलं तरी तो एकदाच धरायला लागला. एवढा समजूतदारपणा मला त्या वर्षात माणसांकडूनही फारसा मिळाला नव्हता. मग टॅग शिकलो. जे काही लिहायचं त्याच्या आधी एक खूण उघडायची आणि नंतर तीच खूण बंद करायची. मी उघडायचो आणि बंद करायला विसरायचो. एकदा ठळक अक्षरांची खूण बंद केली नाही, तर पेजच्या तळापर्यंत सगळं ठळक. रंगाच्या डब्याचं झाकण उघडं टाकलं म्हणून मी आयुष्यभर कामाच्या माणसांवर ओरडलो होतो, त्यामुळे तोंड मिटून चूक दुरुस्त केली.

रंगांवरून मात्र मी भांडलो. मॅडम म्हणाल्या की पडद्यावर लाल आणि हिरवा मिसळला की पिवळा होतो. मी म्हणालो, बाई, हे मला नका सांगू. दुसऱ्या दिवशी घरून दोन डब्या नेल्या, सगळ्या वर्गासमोर पुठ्ठ्यावर लाल आणि हिरवा कालवला आणि तो शेणकट तपकिरी रंग त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी शांतपणे दोन आकडे टाईप केले आणि अख्खा पडदा झेंडूसारखा पिवळा झाला. म्हणाल्या, "हा रंग नाही, काका, उजेड आहे. उजेडाचा हिशोब वेगळा." मी दिवसभर घुश्शात होतो. पण संध्याकाळी घरी जाताना उसाच्या शेतांवर ऊन उतरत होतं, ते जरा वेगळ्या नजरेने बघितलं हे खरं.

सगळ्यांत मोठी चूक पुढे झाली. अशी चूक पेंटरच करू शकतो. भिंतीचं माप घेतल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, हे माझ्या उस्तादांनी कान पिळून शिकवलेलं. म्हणून साईटचं पहिलं पान मांडायची वेळ आली तेव्हा मी घरून टेप नेला आणि वर्गातल्या कॉम्प्युटरचा पडदा मोजला. रुंदी, उंची, वर किती जागा सोडायची, दोन्ही बाजूंना किती. वहीत आकृती काढली, सगळी मापं सेंटीमीटरमध्ये कोडमध्ये घातली. पान काय देखणं झालं! वर माझं नाव, खाली 'अक्षरांची कामे', मधोमध माझ्या हातची एका शाळेची पाटी. कुठे एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. मी खुर्ची मागे सरकवून, पाटी टांगून झाल्यावर बघतात तसा बघत बसलो.

मॅडमनी तेच पान आपल्या मोबाईलवर उघडलं आणि मला दिलं. माझं अर्धं नाव पडद्याबाहेर गेलं होतं. शाळेच्या पाटीचा एक कोपरा तेवढा दिसत होता. पोरं हसली. वाईट मनाने हसली नाहीत, पण मला त्या दिवसांत कुठलंच हसू सोसत नव्हतं. मी टेप खिशात घातला, उठलो आणि घरी आलो. दोन दिवस गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी कबरस्तानात गेलो. रेडियमच्या अक्षरांपैकी शेवटचं अक्षर गळून पडलं होतं. मातीत शोधलं, सापडलं नाही. तिथे मी तिच्याशी भांडलो. म्हणालो, तुला माझ्या आधी जायची काय घाई होती? आणि गेलीस ती गेलीस, हे शिकायला मला का लावलंस? घरात कुणी नसतानाही एवढ्या मोठ्याने बोलायची माझी हिंमत झाली नव्हती. बोलून हलकं वाटलं, असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी दहा वाजता क्लासला गेलो.

मॅडम म्हणाल्या, "काका, तुमची भिंत तुमच्यापुढे असते. इथे भिंत बघणाऱ्याच्या हातात असते. कुणाची केवढी, आपल्याला कळायचा मार्ग नाही. म्हणून असं लिहायचं, की जेवढी भिंत असेल तेवढ्यात अक्षर आपलं आपण मावेल."

मापाशिवाय काम करायचं, हे मनाला पटायला मला पंधरा दिवस लागले. सगळी मापं पुसून पुन्हा लिहिली. या वेळी पान मोबाईलवर मावलं. पण नावातल्या वेलांट्यांचे वरचे गोल कापले गेले होते, कारण दोन ओळींमधली जागा मी फार आवळली होती. ती चूक मी माझी मीच शोधली आणि माझी मीच सुधारली. त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदा स्वतःसाठी भाकरी थापली. एका बाजूने जाड झाली.

'माझ्याविषयी' नावाचं पान मात्र महिनाभर रिकामं होतं. मॅडमनी दोनदा विचारलं. मी 'मी पेंटर होतो' असं लिहायचो आणि खोडायचो. शेवटी फक्त केलेल्या कामांची यादी टाकली. फोटोंसाठी मोबाईल घेऊन नेवाशात आणि आजूबाजूच्या गावांत हिंडलो. निम्म्या पाट्या उतरलेल्या, पाव पाट्यांवर फ्लेक्स ठोकलेला. एका पिठाच्या गिरणीची पाटी मात्र जशीच्या तशी होती. गिरणीवाला म्हणाला, "तुमच्या अक्षराची लई जुनी सवय झालीय डोळ्याला, काढवत न्हाई." मी पाटीचा फोटो काढला. फोटो हलला. त्यानेच मग काढून दिला.

ऑगस्टच्या अखेरीस मॅडमनी मला आकार लिहायला शिकवलं. रीत अशी, की वळण ओढायचं नाही, सांगायचं. आडव्या-उभ्या रेघांचा आलेखाचा कागद डोळ्यांपुढे आणायचा. या ठिपक्यापासून निघ, त्या ठिपक्याला पोच, आणि जाताना मधल्या या दोन ठिपक्यांकडे झुकत जा. चार ठिपक्यांचे आकडे लिहिले की कॉम्प्युटर वळण काढतो. हे समजल्यावर पुढची अडचण उघडी पडली. ठिपके कुठून आणू? माझं जुनं अक्षर माझ्या हातात नव्हतं.

ते कबरस्तानात होतं. तीस वर्षं गिरवलेली नावं तिथे होती. दोन वर्षं कुणी हात लावला नसल्यामुळे पुसट झालेली, पण होती. मी आलेखाच्या रेघा छापलेला पारदर्शक कागद घेऊन गेलो. तिचं पहिलं अक्षर मला एका निवृत्त हेडमास्तरांच्या नावात सापडलं. शेवटचं अक्षर एका बाळाच्या कबरीवर होतं, जे जेमतेम सहा महिने जगलं. आणि मधला ल त्या म्हातारीच्या नावात होता, जिचं नाव बायकोने मोठं काढायला लावलं होतं. मी कागद अक्षरावर चिकटवायचो आणि ब्रशने नाही, डोळ्याने काम करायचो. वळण कितव्या चौकोनात सुरू होतं, पोट कुठे सर्वांत फुगतं, शेपूट कुठे टेकते. आकडा लिहिताना हात हलला तर काय बिघडतं? बारा वाकडा लिहिला तरी तो बाराच राहतो.

पहिला ल पडद्यावर आला तो वांग्यासारखा. दुसरा, अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा. मी आकडे बदलत राहिलो. सकाळी क्लास सुटला तरी मी बसून राहायचो, मॅडम डबा खायच्या आणि मी एका ठिपक्याला एक घर डावीकडे सरकवून बघायचो. माझा ल डावीकडच्या पोटात जरा खाली उतरतो, उजवीकडचं पोट लहान ठेवतो. उस्ताद त्यावरून मला बोलायचे, पण ती माझी खोड होती आणि ती गेली नव्हती. सप्टेंबर गेला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं.

मग एके दिवशी दुपारी मी एक आकडा बदलला, पान पुन्हा उघडलं, आणि तिथे माझा ल होता. पोट तेवढंच भरलेलं, शेपटीचा शेवट तसाच पातळ होत गेलेला. काठ असा स्वच्छ, की मी बोट लावून बघितलं. बोट थरथरत होतं आणि त्याच्याखाली अक्षर स्थिर होतं. दोन वर्षांपूर्वी मेलेला माझा हात समोर जिवंत दिसत होता. तिथे मात्र मला रडू आलं, भर क्लासमध्ये. मॅडमनी पंख्याचं बटण उगाचच दाबलं आणि खिडकी उघडायला गेल्या.

ऑक्टोबर संपता संपता तिन्ही अक्षरं झाली. साईटवर मी एक वेगळं पान केलं. पांढरी जागा, काळी शिरोरेघ आणि खाली तिचं नाव. बाकी काही नाही. साईट चालू करायचं बटण मॅडमनी मलाच दाबायला लावलं.

तेच पान कबरीच्या मापाने कागदावर छापून घेतलं. क्रूसाची आडवी पट्टी मी टेपने मोजली होती, आणि छापायला सेंटीमीटर चालतात हे ऐकून मला फार बरं वाटलं. छापलेल्या अक्षरांच्या कडेकडेने सुईने भोकं पाडायची, कागद क्रूसावर चिकटवायचा आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची. खाली ठिपक्यांची रेघ उतरते. मोठ्या भिंतींवर आम्ही असंच करायचो. उरतं ते फक्त आत रंग भरणं.

आता खरं सांगतो. रंग भरायला भाचा तयार होता. पण ठिपके कॉम्प्युटरचे आणि रंग भाच्याचा, तर मग त्यात माझं काय? मी नाही म्हणालो, आणि नाही म्हटल्यावर भ्यालो. बाकीच्यांनी आठवडाभर आधी कबरी रंगवल्या. मी आज नको उद्या करत मृतांच्या दिवसाच्या सकाळपर्यंत ढकललं. निघण्याआधी त्या पानाची लिंक मुलीला पाठवली. ती मुंबईला एका हॉस्पिटलात नर्स आहे, तिला रजा मिळाली नव्हती. मी क्लासला जातो हेही तिला ठाऊक नव्हतं. मी फक्त 'वेळ मिळेल तेव्हा बघ' एवढं लिहिलं.

आठ वाजता क्रूसापुढे पोतं टाकून बसलो, उरलेलं रेडियम खरवडून काढलं आणि कागदावरून ठिपके उतरवले. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास सोडला की एक बोटभर रंग भरायचा आणि थांबायचं. ठिपक्यांच्या आत राहायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. ब्रश बाहेर गेला. पुसलं, पुन्हा भरलं, पुन्हा बाहेर गेला. दुपारी दोनपर्यंत तीन अक्षरं झाली. शिरोरेघेवर लाटा होत्या. ल ची शेपूट फाटली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका मेणबत्त्या आणि शेवंतीची फुलं घेऊन थांबायच्या आणि "झालं की चांगलं" म्हणून पुढे जायच्या. चांगलं झालेल्या कामाला कुणी इतक्या हळू आवाजात चांगलं म्हणत नाही. मला शरम वाटली. तिच्यासमोर वाटली, दुसऱ्या कुणासमोर नाही.

चार वाजता फादर आले. यंदाच बदलून आलेले, वस्तीतल्या निम्म्या लोकांनाही अजून ओळखत नव्हते, मेलेल्यांना कुठून ओळखणार? ते ओळीने प्रत्येक कबरीपाशी थांबत होते, क्रूसावरचं नाव मोठ्याने वाचत होते, पवित्र पाणी शिंपडून प्रार्थना म्हणत होते. एका कबरीवरचं नाव अगदीच उडालं होतं. तिथे त्यांनी मागे वळून "ह्या कोण?" असं विचारलं, आणि घरच्यांनी खाली मान घालून नाव सांगितलं. आमची कबर तिसऱ्या ओळीत. मी मोजत होतो, अजून पाच.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती हुंदके देत होती, पण ते आनंदाचे होते हे मला आधी कळलं नाही.

"पप्पा, मी बघितलं. आत्ता ड्यूटी संपली आणि बघितलं. पप्पा, हात बरा झाला तुमचा? मला सांगितलं का नाही?"

हो म्हणावं असं एक क्षण वाटलं. ती मुंबईत, मी इथे. तिला काय कळणार होतं?

"न्हाई गं," मी म्हणालो. "हात तसाच हाय."

"मग हे कुणी काढलं? हा ल तर तुमचाच आहे."

"मीच काढला. पर हातानं न्हाई. आकडे लिहून काढला. मी शिकलो ते. तुला सांगतो सगळं नंतर."

ती हळूच म्हणाली, "आणि आईच्या कबरीवर?"

"तिथं हातानं काढलं. सकाळधरनं बसलो हुतो."

"कसं झालंय?"

"वाईट झालंय. लई वाईट झालंय, पोरी."

ती पुढे काही बोलायच्या आत फादर आमच्या कबरीपाशी आले. मी फोन बंद केला नाही, हातात तसाच धरून बाजूला सरलो. फादरांनी क्रूसाकडे बघितलं. चष्मा वर सरकवला आणि थोडे वाकले. मला वाटलं, आता हे मागे वळतील आणि विचारतील, ह्या कोण? मी फोन दोन्ही हातांनी धरला.

ते वळले नाहीत. त्यांनी तिचं नाव वाचलं. तिन्ही अक्षरं, स्पष्ट, मोठ्याने, बाकीची वाचली तशीच. मग पाणी शिंपडलं आणि प्रार्थना सुरू केली. मागच्या बायकांनी तिच्या नावाने 'आमेन' म्हटलं.

प्रार्थना संपून फादर पुढच्या कबरीकडे गेले, तेव्हा मी फोन कानाला लावला. मला वाटलं होतं कट झाला असेल.

"वाचलं त्यांनी, पप्पा," मुलगी म्हणाली.